सुनेच्या हातचं सलाइन

मणक्यात जंतू झाले म्हणून ज्यांना सहा आठवडे शिरेतून औषध सांगितलं आहे, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरातल्यांसाठी हे लिहिते आहे. औषधाचं डॉक्टर सांगतील. मी घरात काय झालं ते सांगणार आहे. त्यात माझी बाजू फारशी चांगली दिसत नाही. पण आता बरी झाले आहे, तर खरं लिहायला हरकत नाही.

मी जामखेडला राहते. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात एकतीस वर्षं नोकरी केली. जुने सातबारे, फेरफार, त्यांच्या नकला. कागद हातात आला की आधी खाडाखोड शोधायची, मग मजकूर वाचायचा, ही तिथली सवय. मागाहून घातलेला आकडा, वेगळ्या शाईतली सही मला लांबून कळायची. निवृत्त झाल्यावर कागद सुटले, सवय सुटली नाही.

घरात मी आणि सून मनीषा. मुलगा निखिल चाकणला कंपनीत असतो, सुट्टीला येतो. मनीषा खर्ड्याची, शेतकऱ्याच्या घरातली. लग्न त्या दोघांनी ठरवलं आणि मला नंतर सांगितलं. ती घरी ब्लाउज शिवते, गावात तिच्या हाताला नाव आहे. चार वर्षांत आमचं भांडण असं झालं नाही. मी तिला कपाटाच्या किल्ल्या दिल्या नाहीत आणि तिने मागितल्या नाहीत, इतकंच.

*

जानेवारीत लघवीला जंतुसंसर्ग झाला, गोळ्यांनी गेला. फेब्रुवारीत कंबर धरली. वय झालं म्हणून महिनाभर शेक, मलम, मालीश केलं. मग रोज संध्याकाळी बारीक ताप यायला लागला आणि एका सकाळी मला अंथरुणातून उठताच येईना. मनीषाने काखेत हात घालून उठवलं तेव्हा मी ओरडले ते शेजारच्यांनी ऐकलं.

नगरच्या एका हॉस्पिटलात एमआरआय झाला. डॉक्टरांनी मला आणि निखिलला समोर बसवलं. "दोन मणक्यांमधली चकती जंतूंनी खाल्ली आहे," ते म्हणाले. "टीबी असेल किंवा साधे जंतू असतील. सुईने नमुना काढल्याशिवाय सांगता येणार नाही. उशीर केला तर पायांतली ताकद जाऊ शकते."

मी विचारलं, "रिपोर्ट माझाच आहे ना? नाव नीट बघितलं का?"

निखिल ओशाळला. डॉक्टरांनी फिल्म माझ्याकडे फिरवली. नाव, वय, तपासणीची वेळ. मी वेळसुद्धा पडताळून पाहिली. सगळं बरोबर होतं, तेव्हा कुठे मला रडू आलं.

माझ्या संशयाला एक कारण होतं, ते इथेच सांगते. आठ वर्षांपूर्वी आमच्या ह्यांना साध्या तापासाठी एका दवाखान्यात सलाइन लावलं. अर्ध्या तासात त्यांना हुडहुडी भरली आणि संध्याकाळी ते गेले. बाटलीत काय टाकलं होतं हे कुणी सांगितलं नाही. मी विचारलं तर कागद दाखवला, त्यावर नुसतं 'सलाइन' लिहिलं होतं. तेव्हापासून टांगलेली बाटली दिसली की मी आधी तिच्यावरचं लेबल वाचते.

*

नमुन्यात टीबी निघाला नाही. साधे जंतू निघाले, पण मुरलेले. दर बारा तासांनी शिरेतून औषध, सहा आठवडे. पहिले दोन आठवडे हॉस्पिटलात. रोज रोज शीर शोधायला नको म्हणून दंडातून एक बारीक नळी आत सरकवली. तिला ते पिक लाइन म्हणतात. तिचं टोक छातीत, हृदयाजवळ असतं, असं मला आधीच सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

वॉर्डात सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला औषध यायचं. पहिल्या दिवशी सिस्टर बाटली तयार करूनच घेऊन आल्या. मी हात आखडून घेतला.

"यात काय आहे?"

"तुमचं अँटिबायोटिक, आजी."

"मला कसं कळणार?"

त्यांचं नाव वंदना सिस्टर. पन्नाशीच्या, चष्मा नाकावर घसरलेला. त्या रागावल्या नाहीत. रिकामी व्हायल आणून माझ्या हातात दिली. व्हायल म्हणजे बोटाएवढी काचेची बाटली, वर रबरी बूच, आत पावडर असते. "उद्यापासून तुमच्यासमोर फोडीन," त्या म्हणाल्या, आणि रोज तसंच केलं. त्यांची रात्रपाळी लागली की मी बदलीच्या सिस्टरला सतवायची.

नळीत एकदा मुगाएवढा बुडबुडा दिसला. मी घंटी दाबून अख्खा वॉर्ड जागा केला. वंदना सिस्टरनी नळीवर टिचकी मारून तो वर चढवला आणि म्हणाल्या, "एवढ्याने काही होत नाही. पण तुम्ही बघताय ते चांगलं आहे. पेशंटने बघावं."

माझ्या बघण्याला चांगलं म्हणणारी ती एकटीच बाई.

*

दोन आठवड्यांनी घरी सोडायचं ठरलं. राहिलेलं औषध घरी द्यायचं. जामखेडला घरी येऊन पिक लाइन हाताळणारं खात्रीचं कुणी मिळेना. वंदना सिस्टर म्हणाल्या, "घरातलं एक माणूस द्या, मी चार दिवसांत शिकवते." मला वाटलं निखिल शिकेल. पण त्याची सुट्टी संपली होती. मनीषा उभी राहिली.

चार दिवस मी पलंगावरून ते शिक्षण पाहिलं. आधी हात धुवायचे, घड्याळ लावून. व्हायलचं बूच स्पिरिटने पुसायचं आणि वाळू द्यायचं, फुंकर मारायची नाही. मोजलेलं पाणी सुईने आत सोडायचं, ते काचेच्या कडेने, हळू. मग हलवायचं नाही.

"खळखळ हलवलं की फेस होतो," सिस्टर म्हणाल्या. "फेसात औषध अडकतं, भरून घेताना कमी येतं. दोन तळव्यांत धरून अशी फिरवायची."

मनीषाने फिरवून दाखवली. मग उजेडात धरायची. कण नको, तंतू नको, गढूळपणा नको. मग ते औषध लहान सलाइनच्या बाटलीत टाकायचं, वर वेळ लिहायची, नळी भरून हवा काढायची. माझ्या दंडावरच्या नळीचं टोपण घासून पुसायचं, नुसतं सलाइन सोडून लाइन मोकळी आहे का ते बघायचं, आणि मग औषध चालू. संपल्यावर पुन्हा सलाइन.

"आणि व्हायल कुठं ठेवायच्या?" मनीषाने विचारलं.

"थंड, कोरड्या जागी. ऊन नको. पावडरचा रंग बदलला किंवा काही वेगळं दिसलं तर द्यायचं नाही, मला फोन करायचा."

"लई जबाबदारीचं हाय," मनीषा म्हणाली.

ते वाक्य मी मनात नोंदवून ठेवलं. आताच हात झटकायची तयारी करते आहे, असं मला वाटलं.

*

घरी आले तेव्हा एप्रिल तापलेला होता. मनीषाने शिवणकामाच्या ऑर्डरी बंद केल्या. दोन आठवड्यांच्या अठ्ठावीस व्हायलचा खोका तिने स्वयंपाकघरात, माठाच्या मागच्या गार कोनाड्यात ठेवला. सलाइनची बाटली माझ्या खोलीतल्या पडद्याच्या दांडीला टांगायची.

पहिल्याच संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की ती माझ्याकडे पाठ करून औषध बनवते. खिडकीपाशी टेबल, त्यावर धुतलेलं ताट, ती खिडकीकडे तोंड करून उभी. मला तिची पाठ आणि कोपर दिसायचं. मान जराशी वळली की ओठ हलताना दिसायचे. मोबाईल खिडकीत टेकवून ठेवलेला असायचा. रिकाम्या व्हायल ती एका पिशवीत घालून कुठेतरी न्यायची.

मी एकेक गोष्ट जुळवत गेले. पाठ का करते? मोबाईलवर कुणाशी बोलते? रिकाम्या व्हायलचं काय करते? औषध चालू असताना मी तिचे हात बघायची आणि मला तो दवाखाना आठवायचा, ती हुडहुडी आठवायची. हिला मी चार वर्षांत काय दिलं आहे, म्हणून हिने माझं नीट करावं? हा प्रश्न मला पडायचा. त्याचं उत्तर मला येत होतं, म्हणून जास्त भीती वाटायची.

शनिवारी सकाळी ती भाजीला गेली. मी कमरेचा पट्टा आवळला, भिंत धरत स्वयंपाकघरात गेले आणि व्हायल मोजल्या. दहा वेळा औषध झालं होतं. अठरा हव्या होत्या. सतराच होत्या.

पुन्हा मोजल्या. सतरा.

मी तिला विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो, हे कचेरीत शिकले होते. मी खोका उचलून माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली.

ती आली, कोनाडा बघितला आणि माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, व्हायल?"

"माझ्याकडे आहेत. सकाळी एक, संध्याकाळी एक मागून घ्यायची. स्वयंपाकघरात फोडणीची वाफ असते."

ती कपाटाकडे बघत राहिली. माझी खोली मागाहून वाढवलेली, वर पत्रा, आणि कपाट पश्चिमेच्या भिंतीला. "तिथं दुपारनंतर भिंत तापती," ती म्हणाली. "कपाट बी तापतंय."

"मला माहीत आहे माझं कपाट."

संध्याकाळी सातला येऊन तिने हात पुढे केला आणि मी तिच्या तळव्यावर एक व्हायल ठेवली.

*

पाचव्या दिवशी, बुधवारी सकाळी तिने व्हायल हातात घेतली, खिडकीत धरली आणि खाली ठेवली.

"दुसरी द्या."

दुसरी बघितली. मग म्हणाली, "सगळ्या द्या, आई."

दहा उरल्या होत्या. तिने टेबलावर ओळीने मांडल्या. "परवा जराशी पिवळी वाटली हुती. सिस्टरना फोटो पाठवला, त्या म्हणाल्या चालंल. पण ही बघा. हळदीवानी झाली हाय."

मला काही एवढी पिवळी दिसली नाही. खरं तर मी नीट पाहिलीच नाही. घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती. "औषध चुकवायचं नाही असं सांगितलं आहे," मी म्हणाले. "दे ते."

"न्हाई द्यायचं हे."

"मनीषा, मी सांगते आहे."

"तुमी सांगा न्हाईतर कुणी सांगा. हे मी तुमच्या अंगात सोडणार न्हाई."

चार वर्षांत ती मला पहिल्यांदा 'नाही' म्हणाली होती. तिने वंदना सिस्टरना फोन लावला, स्पीकरवर. सिस्टर म्हणाल्या, "देऊ नका. दहाही घेऊन या, नवीन देते. काही तास उशीर चालेल. पण आजच्या आज या."

जामखेडला ते औषध मिळत नव्हतं. मनीषाने शेजारच्या काकूंना माझ्यापाशी बसवलं, दहा व्हायल आणि रिकाम्यांची पिशवी घेतली आणि आठच्या एसटीने नगरला गेली. जायला दोन तास, यायला दोन तास, आणि वरून उन्हाळा.

ती गेल्यावर मी निखिलला फोन केला. लाज वाटते, पण जे बोलले ते लिहिते. मी म्हणाले, "ती औषध घेऊन गेली आहे. एक व्हायल आधीच गायब आहे. मला पाठ करून सगळं करते. मला काही झालं तर लक्षात ठेव."

तो म्हणाला, "आई, तू काय म्हणते आहेस ते तुला ऐकू येतंय का?"

"मी फक्त जे पाहिलं ते सांगते आहे."

"मी शनिवारी येतो. तोवर तिला काही बोलू नकोस. तुझ्या दंडातली नळी तिच्या हातात आहे." असं म्हणून त्याने फोन ठेवला. ते वाक्य त्याने मला शांत करायला म्हटलं की गप्प करायला, हे मला अजून कळलेलं नाही.

*

अडीच वाजता ती आली. चेहरा उन्हाने लाल झालेला, हातात थर्माकोलचा डबा. पाणीसुद्धा न पिता तिने हात धुतले, घड्याळ लावून. तीन वाजता औषध चालू झालं. पावडर पांढरी होती. आता मला फरक दिसला.

थेंब पडत होते तेव्हा निखिलचा फोन आला. ती स्वयंपाकघरात बोलत होती, पण आमचं घर मोठं नाही.

"व्हय, खराब झाल्या. गरमीनं, असं म्हणाले ते. उन्हाळा हाय ना." मग थोडी थांबली. "न्हाई, कुणाचं काय न्हाई त्यात."

मला कपाट आठवलं. दुपारनंतर त्याच्या दाराला हात लावला की चटका बसायचा. मी रोज किल्ली लावताना तो चटका घेत होते आणि तरी मला ते सुचलं नाही.

ती माझं नाव घेऊ शकली असती. घेतलं नाही. आणि इथे मी कोणत्या मातीची आहे ते बघा. मला लगेच कृतज्ञता वाटली नाही. वाटलं, ही मला का वाचवते आहे? हिला काय हवं आहे?

*

दोन दिवस तो प्रश्न घेऊन बसले. शुक्रवारी संध्याकाळचं औषध संपल्यावर विचारलं, "तू निखिलला खरं का नाही सांगितलंस?"

तिने लाइनमध्ये सलाइन सोडलं, टोपण लावलं, मग बोलली. "तुमच्यासाठी न्हाई केलं, आई. सांगितलं असतं तर भांडण झालं असतं. भांडण करून आलं की माझा हात थरथरतो. त्या हातानं मी लाइनला शिवू का?"

"आणि एक व्हायल कमी होती ती?"

"चौथ्या दिवशी फुटली, हातातनं पडून. तुम्हाला सांगायची भीती वाटली." ती उठली, खिडकीतला मोबाईल घेऊन आली. "हे बघा."

मोबाईलमध्ये प्रत्येक वेळचं चित्रीकरण होतं. रोज दोन. तिचे हात, व्हायल, घड्याळ. ओठ हलत होते ते पाण्याचे आकडे मोजताना. चौथ्या दिवशी मी मोरीत गेलेली असताना व्हायल घसरून फरशीवर पडली, तिने काचा गोळा केल्या, दुसरी घेतली, पुन्हा हात धुतले, सगळं त्यात होतं. खिडकीकडे तोंड ती उजेडासाठी करत होती. रिकाम्या व्हायल हॉस्पिटलला परत द्यायच्या होत्या.

"हे कशाला काढलंस?"

"तुम्हाला काय झालं असतं तर सगळ्यांनी मलाच धरलं असतं. निखिलनं पण. माझ्याकडं काय पुरावा हुता?"

बाकी प्रत्येक चित्रात तिच्या खांद्यामागे पलंग दिसत होता आणि पलंगावर मी. उशीवरून मान उचललेली, डोळे तिच्या कोपरावर. ती बाई मी ओळखत होते, पण तिला असं बाहेरून कधी पाहिलं नव्हतं. रोज सकाळ-संध्याकाळ त्या नजरेसमोर ही पोरगी मोजून पाणी भरत होती.

मी तिच्याकडून वही मागून घेतली. ती औषधाची वेळ एका वहीत लिहायची. मी त्या दिवशीच्या नोंदीखाली लिहिलं, 'वरील औषध माझ्या समक्ष देण्यात आले,' आणि पूर्ण सही केली. मला दुसरं काही येत नव्हतं. माफी मागायची कशी हे आमच्या घरात कुणी शिकवलं नाही.

तिने वाचलं. "बरं," म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईल पुन्हा खिडकीत उभा होता.

शनिवारी निखिल आला. जेवताना मी त्याला सांगितलं, "व्हायल मी कपाटात ठेवल्या होत्या. हिने आधी सांगितलं होतं की तिथे तापतं." त्याचा घास हातात राहिला. मनीषा त्याला म्हणाली, "भाकरी गार होतीय," आणि विषय संपला.

पुढच्या तपासणीत जंतूंमुळे वाढणारा रक्तातला आकडा जितका उतरायला हवा तितका उतरला नव्हता. डॉक्टरांनी एक आठवडा वाढवला. खराब औषधामुळेच असं ते म्हणाले नाहीत, तसं नाही असंही म्हणाले नाहीत. तो आठवडा आम्ही दोघींनी काढला. मनीषाने एकदाही तोंड वाकडं केलं नाही, निदान माझ्यासमोर.

*

सातव्या आठवड्यानंतर आम्ही नगरला गेलो. आकडा उतरला होता. मी पट्टा लावून, कुणाला न धरता वॉर्डात चालत गेले. वंदना सिस्टरनी मला पलंगावर झोपवलं, दंडावरची पट्टी सोडवली आणि म्हणाल्या, "मान तिकडे करा, श्वास सोडा."

दुखलं नाही. दंडाच्या आत काहीतरी सरकत जातंय एवढंच कळलं. सिस्टर नळी ओढत होत्या, हळूहळू, आणि ती येतच होती. वीतभर आली, मग हातभर झाली. शेवटचं टोक बाहेर आलं तेव्हा त्यांनी ती पांढऱ्या कापडावर सरळ ठेवून मापली.

मनीषा पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. पाच आठवडे तिने त्या नळीचं बाहेरचं टोक हाताळलं होतं. आतलं कधी पाहिलं नव्हतं.

"एवढी आत हुती?" ती म्हणाली.

"हृदयापाशी असते, सांगितलं होतं ना," सिस्टर म्हणाल्या.

"सांगितलं हुतं." तिचा चेहरा पांढरा पडत गेला. "पण अशी आधी दाखवली असती तर मी हात लावला नसता. मला तसंबी रोज उलटी व्हायची, औषध द्यायच्या आधी."

मला हे माहीत नव्हतं. सकाळी साडेसहाला मोरीत नळ सोडल्याचा आवाज यायचा, तो मी हात धुण्याचा समजत होते.

तिने पलंगाची कड धरली आणि गुडघ्यातून खाली बसायला लागली. सिस्टर पाणी आणायला वळल्या. मी एका हाताने दंडावरचा कापूस दाबून धरला, उठले आणि तिला म्हणाले, "ये इथे, आडवी हो."

"तुमी पेशंट हाय."

"मी बरी झाले. तू झोप."

ती माझ्या जागेवर आडवी झाली, चपलांसकट. मी शेजारच्या स्टुलावर बसले. सिस्टरनी तिची नाडी बघितली, साखरपाणी दिलं, आणि कापूस सोडायचा नाही म्हणून मला दटावलं. समोरच्या पलंगावरच्या बाईने विचारलं, तुमच्यातलं आजारी कोण आहे.

जामखेडची गाडी सुटायला तास होता. तिला डोळा लागला. मी तिला उठवलं नाही, ती गाडी जाऊ दिली आणि पुढच्या गाडीची वेळ सिस्टरना विचारली.